लेझर कटरवर मापात काप: कर्फ, फोकस आणि खाचांचा हिशेब

फाइलमध्ये ५० मिमीचा चौकोन काढला, लेझरवर कापला, कॅलिपर लावला तर ४९.८२. अशा वेळी बहुतेक जण फाइल उघडतात आणि ५०.१८ टाकून मोकळे होतात. त्या तुकड्यापुरतं जमतंही. पुढे ३०० मिमीचा पॅनल कापला की माप पुन्हा चुकतं, आणि या वेळी चूक ०.१८ ची नसते, भलतीच असते.

लेझरवर माप चुकतं ते मुख्यतः दोन प्रकारांनी. एक चूक तुकडा लहान असो वा मोठा, तेवढीच राहते. ती असते कर्फची, म्हणजे किरणाने जाळून टाकलेल्या चिरेच्या रुंदीची. दुसरी चूक लांबीबरोबर वाढत जाते. ती मशीनच्या स्केलची. पहिलीचा उपाय ऑफसेट, म्हणजे कापायची रेषा थोडी सरकवणं, दुसरीचा कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचं माप दुरुस्त करणं. एकीचा उपाय दुसरीवर केला की एक आकार जमतो आणि बाकीचे बिघडतात.

आधी चूक कोणती ते ओळखा

ज्या शीटवर काम करायचं आहे त्याच शीटवर २०, ६० आणि १४० मिमीचे तीन चौकोन कापा. ऑफसेट पूर्ण बंद ठेवा. तुकडे गार झाल्यावर एक्स आणि वाय दिशेने वेगवेगळं मोजा आणि लिहून ठेवा.

समजा एक्स दिशेने १९.८४, ५९.८४ आणि १३९.८४ आलं. तिन्ही ०.१६ ने कमी, म्हणजे फक्त कर्फ, मशीन ठीक. आणि १९.८०, ५९.७२, १३९.५६ आलं तर? तूट ०.२०, ०.२८, ०.४४ अशी वाढते आहे. मोठ्यातून लहान वजा करा: काढलेला फरक १२० मिमी, मिळालेला ११९.७६. प्रत्येक तुकड्यातून कर्फ सारखाच गेलेला असल्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. उरलेली ०.२४ ची तूट निव्वळ स्केलची, म्हणजे ०.२ टक्के. आता २० मिमीच्या तुकड्यातली ०.०४ ही स्केलची तूट बाजूला काढली की उरलेले ०.१६ कर्फचे.

हा हिशेब हातात असला की पुढचं सगळं सोपं जातं. क्रम मात्र पाळायचा: आधी फाइल, मग मशीन, मग फोकस, मग पॉवर आणि स्पीड, आणि सगळ्यात शेवटी कर्फ. कर्फ वरच्या सगळ्या गोष्टींवर अवलंबून असतो. तो आधी मोजला आणि नंतर फोकस हलवला, तर मोजलेला आकडा कचऱ्यात.

फाइलमध्येच चुकलेलं माप

कापलेला तुकडा अपेक्षेच्या बरोबर ७५ टक्के आला तर मशीनला हात लावू नका. एसव्हीजी फाइल लिहिणारं सॉफ्टवेअर इंचाला ७२ एकक धरत असेल आणि उघडणारं ९६, तर १०० मिमीचे ७५ मिमी होतात. ९३.७५ आले तर फाइल इंचाला ९० एकक धरणाऱ्या इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतली असावी. २५.४ पट मोठं किंवा लहान आलं तर डीएक्सएफ फाइलमध्ये इंच-मिलिमीटरची गल्लत आहे. अशा चुका इतक्या ठरावीक आकड्यांनी येतात की आकड्यावरूनच चोर सापडतो.

दुसरी चूक लपून बसते. इंकस्केप मूळ सेटिंगमध्ये आकाराचं माप दाखवताना रेषेची जाडीही धरतं. १ मिमी जाडीच्या रेषेने चौकोन काढून रुंदी ५० टाइप केली तर प्रत्यक्ष मार्ग ४९ मिमीचाच राहतो, आणि लेझर मार्गावरून जातो, रेषेच्या बाहेरच्या कडेवरून नाही. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन भौमितिक बाउंडिंग बॉक्स (फक्त मार्गाचं माप) निवडा, नाहीतर रेषा ०.०१ मिमीची ठेवा.

एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषाही शोधून काढा. दोन चौकोन शेजारी चिकटवले की मधली रेषा दोनदा कापली जाते. तिथे कर्फ वाढतो, कड काळी पडते आणि अ‍ॅक्रिलिक असेल तर पुन्हा वितळून चिकटतं. लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट काढायची सोय आहे, पण ती तंतोतंत सारखे आकारच पकडते. दोन वेगळ्या चौकोनांची सामाईक बाजू तिला दिसत नाही, ती हाताने पुसावी लागते. शिवाय आकार बंद असले पाहिजेत, उघड्या रेषेवर कर्फ ऑफसेट चालत नाही.

मटेरियल: काय कापायचं आणि काय नाही

सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, कागद, चामडं, कापड ती व्यवस्थित शोषतात. निळा डायोड लेझर साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो काचेतून ऊन जावं तसा आरपार जातो, म्हणून पारदर्शक शीट डायोडवर कापायचा हट्ट धरू नका. धातूसाठी १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा फायबर लेझर लागतो, तो या लेखाचा विषय नाही.

पीव्हीसी, रेक्झिन, विनाइल स्टिकर लेझरमध्ये अजिबात घालायचे नाहीत. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहेच, शिवाय मशीनचे रेल, आरसे आणि बेअरिंग गंजवून टाकतो. प्लास्टिक कोणतं ते माहीत नसेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीनसारखा हॅलोजन आहे, तो तुकडा बाजूला. पॉलिकार्बोनेट कापण्यापेक्षा जळून पिवळं-तपकिरी होतं. एबीएस वितळून तारा ओढतं आणि घातक धूर सोडतं. थर्माकोल तर पेटतोच.

अ‍ॅक्रिलिकमध्ये कास्ट (साच्यात ओतलेलं) आणि एक्स्ट्रुडेड (दाबून बाहेर काढलेलं) असे दोन प्रकार येतात. मापासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. एक्स्ट्रुडेड शीटची जाडी बऱ्यापैकी सारखी असते, तर कास्ट शीट ‘३ मिमी’ म्हणून आली तरी प्रत्यक्षात २.६ किंवा ३.३ निघू शकते आणि एकाच शीटच्या दोन टोकांना वेगळी असू शकते. एनग्रेव्हिंग पांढरंशुभ्र उठतं ते कास्टवर. खाचा-सांध्यांचं काम असेल आणि कोरीव अक्षरं नको असतील, तर एक्स्ट्रुडेडने डोकेदुखी कमी होते.

मशीन: स्केल, काटकोन आणि झोल

स्केल तपासायला कापू नका, फक्त खूण करा. कार्डशीटवर अगदी कमी पॉवरने ४०० मिमी अंतरावर दोन बारीक उभ्या रेषा मारा. चांगल्या स्टीलच्या पट्टीने एका रेषेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या रेषेच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. दोन्हीकडे तीच कड धरल्यामुळे रेषेची जाडी हिशेबातून बाद होते. पट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असतं, म्हणून १०० च्या खुणेपासून मोजायला सुरुवात करा. वाय दिशेलाही असंच.

दुरुस्तीचं सूत्र कंट्रोलरवर, म्हणजे मशीनच्या मोटर चालवणाऱ्या बोर्डवर, ठरतं आणि इथे हमखास उलटसुलट होतं. जीआरबीएल कंट्रोलरमध्ये आकडा ‘एका मिलिमीटरला किती स्टेप’ असा असतो, म्हणून नवा आकडा = जुना × अपेक्षित ÷ मोजलेलं. रुईदा कंट्रोलरमध्ये आकडा ‘एका पल्सला किती सरकणं’ असा असतो, म्हणून नवा = जुना × मोजलेलं ÷ अपेक्षित. एकाचं सूत्र दुसऱ्याला लावलं तर चूक दुप्पट होते. तसं झालं तर घाबरू नका, भागाकार उलटा करा. जुना आकडा मात्र बदलण्याआधी कागदावर उतरवलेला हवा.

काटकोनासाठी ४०० × ३०० चा आयत मारा आणि दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ५०० यायला हवेत. कर्णांत १ मिमीचा फरक असेल तर ३०० मिमीच्या उंचीत आयत साधारण ०.६ मिमी तिरका झाला आहे. कारण बहुधा एकच असतं: गॅन्ट्रीच्या, म्हणजे लेन्सचं हेड वाहणाऱ्या आडव्या दांडीच्या, दोन बाजू एकमेकींच्या पुढेमागे आहेत. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याचं कपलिंग सैल करायचं, गॅन्ट्री दोन्हीकडे फ्रेमला टेकवायची आणि पुन्हा आवळायचं.

बेल्ट सैल असेल तर ते छोट्या वर्तुळात दिसतं. १५ मिमीचं वर्तुळ कापा. जिथे एखादा अक्ष दिशा बदलतो, म्हणजे घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी, तिथे सपाट पट्टा किंवा छोटी पायरी दिसली तर बेल्टमध्ये किंवा पुलीच्या स्क्रूमध्ये झोल आहे. पुलीचा ग्रब स्क्रू आधी बघा, तो सैल असतो आणि बिचारा बेल्ट उगाच ताणला जातो.

आरशांचं अलाइनमेंट म्हणजे हेडच्या तोंडावर मास्किंग टेप लावून बेडच्या चारही कोपऱ्यांत एकेक पल्स मारायची आणि चारही डाग एकाच जागी पडतात का ते पाहायचं. सीओटू किरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून पल्स मारताना झाकण बंद हवं आणि हात बाहेर. डाग कोपऱ्यानुसार हलत असतील तर बेडच्या एका टोकाला छान कापणारं सेटिंग दुसऱ्या टोकाला अर्धवट कापेल.

फोकस आणि कडेचा उतार

सीओटू मशीनवर नेहमीची लेन्स ५०.८ मिमी फोकल लांबीची असते. तिचा ठिपका साधारण ०.१ मिमीचा आणि फोकसची खोली वरखाली मिळून २ मिमीच्या आसपास. म्हणजे शीट मध्यभागी दीड मिमी उचललेली असेल तर तिथला कर्फ वेगळा असणार, सेटिंग काहीही असो. ३८ मिमीची लेन्स आणखी बारीक ठिपका देते, पण तिची खोली अगदी तोकडी. १०० मिमीची लेन्स जाड मटेरियलमध्ये सरळ कड देते, पण तिचा ठिपका जवळपास दुप्पट.

मशीनसोबत आलेल्या फोकस गेजवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. एकदा उताराची चाचणी करून घ्या. १६० मिमी लांबीची सपाट पट्टी घ्या आणि एका टोकाखाली ८ मिमीचा ठोकळा ठेवा. म्हणजे लांबीच्या प्रत्येक मिलिमीटरला उंची ०.०५ मिमीने वाढते. गेज लावून पट्टीच्या बरोबर मध्यावर फोकस करा. हेड हाताने सरकवून नोझल वरच्या टोकाला अडकत नाही ना ते आधी बघा, हे विसरलं की नोझल जातं. मग कमी पॉवरने पट्टीभर एक रेषा मारा. ती सगळ्यात बारीक कुठे आहे ते भिंगातून शोधा. ती जागा मध्यापासून २० मिमी उंच टोकाकडे निघाली तर २० × ०.०५ = १ मिमी, म्हणजे नोझल आणि शीटमधलं अंतर गेजपेक्षा १ मिमी कमी हवं. खालच्या टोकाकडे निघाली तर तेवढंच जास्त.

३ मिमीपर्यंतच्या शीटला फोकस वरच्या पृष्ठावर ठेवा. ६ मिमीपासून पुढे तो जाडीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत आत उतरवला की कड जास्त सरळ येते. नेमका किती, ते शीटवरच ठरवावं लागतं.

कड तिरकी येते तेव्हा ती कशी तिरकी आहे हे पाहणं महत्त्वाचं. चौकोनी तुकडा कापण्याआधी वरच्या बाजूला एका कोपऱ्यात खूण करा आणि कापल्यावर चारही कडांना गुण्या लावा. चारही कडा सारख्याच आत किंवा बाहेर झुकत असतील, तर तो किरणाच्या निमुळतेपणाचा परिणाम आहे. फोकस, स्पीड किंवा लेन्स बदलून तो कमी होतो, शून्य होत नाही. पण समोरासमोरच्या दोन कडा एकाच दिशेला झुकत असतील, म्हणजे तुकडा बाजूने पाहिला की समांतरभुज दिसत असेल, तर किरण बेडवर सरळ उभा पडत नाही. तो लेन्सच्या मध्यातून जात नसेल, नाहीतर शेवटचा आरसा हलला असेल. अशा वेळी फोकस कितीही फिरवला तरी काही हाती लागत नाही.

लेन्स साफ केल्यावर ती उलटी बसवणं ही नेहमीची चूक. एका बाजूने सपाट असलेल्या लेन्सची फुगीर बाजू वर, किरण येतो त्या दिशेला, आणि सपाट बाजू मटेरियलकडे. उलटी बसली की ठिपका जाड होतो आणि कालपर्यंत कापणारं सेटिंग आज कापत नाही.

पॉवर आणि स्पीड

६० वॅटची सीओटू ट्यूब आणि ५० मिमीची लेन्स धरून सुरुवातीचे आकडे असे घेता येतील: ३ मिमी अ‍ॅक्रिलिक ६० टक्के, सेकंदाला १५ मिमी. ६ मिमी अ‍ॅक्रिलिक ६५ टक्के, ६ मिमी. ३ मिमी प्लाय ६० टक्के, १८ मिमी. ३ मिमी एमडीएफ ६० टक्के, १४ मिमी. हे आकडे फक्त सुरुवातीचे, ट्यूब जुनी झाली की खाली येतात.

पॉवर तशीच ठेवून स्पीड वाढवत न्या आणि २० मिमीचे चौकोन कापत जा. चौकोन स्वतःहून खाली पडायचा थांबला की ती हद्द. कामाचं स्पीड तिच्यापेक्षा १० ते १५ टक्के कमी ठेवा. त्याहून हळू नको. ‘सुरक्षित’ म्हणून निम्म्या स्पीडवर कापलं तर कर्फ रुंद होतो, कड जास्त जळते आणि खालच्या बाजूला हनीकॉम्बचे, म्हणजे शीटखालच्या मधपोळ्यासारख्या जाळीचे, तपकिरी डाग पडतात.

कोपऱ्यावर हेडचा वेग कमी होतो. पॉवर तीच राहिली तर कोपरे जास्त जळतात आणि माप बाकीच्या कडेपेक्षा वेगळं येतं. त्यासाठी किमान पॉवरचं सेटिंग असतं. ते कोपरा जेमतेम कापला जाईल इतकंच ठेवा.

एअर असिस्ट, म्हणजे कापाच्या जागी मारलेली हवा, लाकडाला जोरात, अ‍ॅक्रिलिकला मंद. अ‍ॅक्रिलिकवर जोराची हवा मारली की कडेची काचेसारखी चकाकी जाते आणि ती दुधाळ दिसते. हवा पूर्ण बंद मात्र करायची नाही, लेन्सवर धूर बसतो आणि ज्योत वर येते. चालू मशीन सोडून जायचं नाही आणि आग विझवायचा सीओटू सिलिंडर हाताशी हवा.

कर्फ मोजणे

फोकस, स्पीड, हवा सगळं ठरल्यावर १०० × २० मिमीचा आयत काढा आणि त्यात दर १० मिमीवर एक उभी रेषा टाका. दहा तुकडे होतील. कापा, कडांवरची काजळी कोरड्या कापडाने पुसा, सगळे तुकडे एका सरळ पट्टीला लावून घट्ट चिकटवा आणि एकूण लांबी मोजा. ९८.४० आली तर १.६० गेले. आता भागायचं कितीने? उभे काप अकरा आहेत, पण भागायचं दहाने. दोन्ही टोकांच्या कापांचा निम्मा निम्माच भाग तुकड्यांतून गेला आहे, बाकीचा निम्मा बाहेरच्या शीटमधून. म्हणून कर्फ ०.१६. तुकडे शीटमधल्या मूळ भोकातच एका बाजूला सरकवून उरलेली फट मोजायची पद्धतही आहे. तिथे मात्र भोकही दोन्हीकडे वाढलेलं असतं, म्हणून अकराने भागायचं: १.७६ ÷ ११ = ०.१६. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं.

एकच तुकडा मोजून कर्फ काढू नये. कॅलिपरची चूक सहज ०.०२ ते ०.०३ असते, ती ०.१६ च्या मानाने मोठी आहे. दहा कापांची बेरीज मोजली की तीच चूक दहाने विभागली जाते.

हीच पट्टी ९० अंशांत फिरवूनही कापा. डायोड लेझरचा ठिपका गोल नसून लांबट आयताकृती असतो, त्यामुळे एक्स आणि वाय दिशेचा कर्फ वेगळा येतो. सीओटूवरही फरक दिसला तर समजा की किरण लेन्सच्या एका कडेला लागतो आहे.

ऑफसेट: निम्मा, पूर्ण नाही

किरण रेषेच्या मध्यावरून जातो आणि दोन्हीकडे निम्मं निम्मं खातो. म्हणून ऑफसेट कर्फच्या निम्मा: ०.१६ असेल तर ०.०८. बाहेरची कड बाहेर सरकवायची, आतलं भोक आत. ५० मिमीच्या चौकोनाचा मार्ग ५०.१६ होतो, २० मिमीच्या भोकाचा १९.८४. लाइटबर्नमध्ये लेयरला कर्फ ऑफसेट ०.०८ दिला की बंद आकार आतला आहे की बाहेरचा हे ते स्वतः ओळखतं. दोन्ही एकाच लेयरमध्ये हवेत, भोकं वेगळ्या लेयरला टाकली तर ती बाहेरचे आकार समजली जातात आणि मोठी होतात.

दोनदा भरपाई करू नका. कॅडमध्येच कर्फ धरून काढलेली फाइल लेझर सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा ऑफसेट लावून कापली की खाच ०.१६ ने घट्ट होते आणि अ‍ॅक्रिलिक जोडताना तडा जातो. फाइलच्या नावातच ‘कर्फसह’ किंवा ‘मूळ माप’ लिहायची सवय चांगली.

खाचा आणि सांधे

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. खाचेत शीट अडकवायची असेल तर शीटची जाडी लेझर बदलत नाही, लेझर फक्त खाच रुंद करतो. म्हणजे सैलपणा येतो एका कर्फचा. पण पेटीच्या कोपऱ्यातल्या दातांची गोष्ट वेगळी. १० मिमीचा दात कापल्यावर ९.८४ होतो आणि समोरची १० मिमीची फट १०.१६. दोन्ही कापलेले, म्हणून सैलपणा दोन कर्फचा, ०.३२. एकाच पेटीत दात खुळखुळतात आणि जाडीच्या खाचा बऱ्या बसतात, त्याचं कारण हे.

जाडी शीटच्या चार कोपऱ्यांजवळ आणि मध्याजवळ, जिथे कॅलिपर पोचेल तिथे मोजा. अ‍ॅक्रिलिकची फिल्म आणि प्लायवरचा मास्किंग टेप काढून मोजा. कापताना टेप राहू दे, मोजताना नको, दोन्ही बाजूंची फिल्म मिळून जाडीत लक्षात येण्याजोगी भर पडते.

समजा जाडी २.८५ आणि कर्फ ०.१६. ऑफसेट न लावता काढलेली खाच २.८५ − ०.१६ = २.६९ असेल तर ती नेमकी जाडीएवढी होईल. आता बसवणी किती घट्ट हवी ते मटेरियल ठरवतं. प्लाय थोडं दबतं, म्हणून ०.०५ ते ०.१० घट्ट चालतं. अ‍ॅक्रिलिक दबत नाही, तडकतं, म्हणून तिथे ०.०५ सैल.

हे कागदावर ठरवण्यापेक्षा कंगवा कापावा. एका पट्टीत १५ मिमी खोलीच्या सात खाचा: २.५५, २.६०, २.६५ अशा ०.०५ च्या अंतराने २.८५ पर्यंत. प्रत्येकीखाली तिचं माप कोरा, आणि कोरण्याचं काम कापण्याआधी. त्याच शीटचा तुकडा एकेका खाचेत घाला. अंगठ्याच्या दाबाने जातो आणि उलटं धरलं तर पडत नाही, ती खाच तुमची. या उत्तरात कर्फ, जाडी, उतार सगळं आपोआप आलेलं असतं, म्हणून ते माप तसंच फाइलमध्ये टाका, ऑफसेट बंद ठेवून. शीट बदलली की कंगवा नवा.

खाचेच्या कडा तिरक्या असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. तुकडा लेझर लागलेल्या बाजूने आत घाला. खालून घालू लागलात तर त्याच खाचेत तो जाईना असं वाटेल.

कापताना

शीट सपाट हवी. वाकलेल्या प्लायला हनीकॉम्बवर चुंबकांनी किंवा पिनांनी चारही बाजूंनी दाबा. आधी कोरीव काम, मग आतली भोकं, मग बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सुटतो, एका बाजूला कलतो आणि नंतरची भोकं जागा सोडतात. दोन तुकड्यांमध्ये निदान शीटच्या जाडीइतकं अंतर ठेवा, नाहीतर मधली पट्टी तापते आणि वाकते.

गोल भोकाच्या सुरुवातीच्या बिंदूवर छोटा खळगा किंवा उंचवटा राहतो. भोकात दांडा फिरायचा असेल तर कापाची सुरुवात भोकाच्या आतल्या टाकाऊ भागातून करा, म्हणजे लीड-इन द्या.

मोजताना

गार होऊ द्या. अ‍ॅक्रिलिक अंशागणिक मीटरला साधारण ०.०७ मिमी वाढतं, म्हणजे ३०० मिमीचा तुकडा १० अंशांनी गरम असताना ०.२ मिमी लांब दिसतो. तो मापात आला म्हणून खूश व्हाल आणि तासाभराने तो लहान निघेल. तिरक्या कडेवर कॅलिपरचे जबडे मोठ्या बाजूला टेकतात, म्हणून जबड्यांच्या टोकांनी वर आणि खाली वेगळं मोजा. जुळणीत कोणती बाजू समोर येणार ते पाहून तेच माप धरा. कापलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या कडांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, कडेतल्या ताणामुळे बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

लांब ऑर्डर असेल तर प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात २० मिमीचा एक चौकोन ठेवा आणि पहिल्या शीटचा चौकोन जपा. माप हळूहळू घटत गेलं, म्हणजे कर्फ वाढतो आहे, तर लेन्स आणि आरसे मळले आहेत, नाहीतर बेड हलून फोकस सरकला आहे. कड खालून न सुटायला लागली तर चिलरचं तापमान बघा, पाणी तापलं की ट्यूबची ताकद उतरते. माप एकदम उडी मारून बदललं तर लेन्स पुसत बसू नका. बेल्ट आणि पुलीचा स्क्रू तपासा, किंवा शीटचं लेबल: बहुतेक वेळा नवा गठ्ठा उघडलेला असतो.